पहिला मेकॅनिकल कीबोर्ड: मराठी टायपिंग आणि गेमिंग दोन्हीसाठी कसा निवडायचा

दुकानात किंवा ऑनलाइन यादीत सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात ते रंगीबेरंगी दिवे. त्यांनी टायपिंग सुधारत नाही आणि गेमही जिंकता येत नाही. फरक पडतो तो बटणांची संख्या, बटणाखालचा स्विच आणि तो स्विच पुढे बदलता येतो की नाही यामुळे. स्विचच्या बाबतीत नवख्याचा पहिला अंदाज बऱ्याचदा चुकतो, कारण महिनाभर रोज टाइप केल्याशिवाय आपल्या बोटांना काय आवडतं ते समजत नाही. म्हणून पहिला कीबोर्ड असा घ्या, की ही चूक हजार-दीड हजारात दुरुस्त करता येईल. पुढचे टप्पे त्याच हिशोबाने मांडले आहेत.

१. कोणती बटणं लागतात ते आधी लिहून काढा

कीबोर्डचे आकार टक्क्यांत सांगतात. पूर्ण आकारात १०४ बटणं असतात. ९६ टक्केवाल्यात नंबरपॅड असतो, पण सगळं दाटीवाटीने बसवलेलं. ‘टीकेएल’मध्ये नंबरपॅड काढून ८७ बटणं उरतात. ७५ टक्केवाल्यात साधारण ८० ते ८४ बटणं असतात आणि एफ-बटणांची रांग शाबूत राहते. ६५ टक्केवाल्यात ती रांग जाते, बाणांची बटणं राहतात. ६० टक्केवाल्यात ६१ बटणं असतात आणि बाणसुद्धा ‘एफएन’ हे बटण दुसऱ्या बटणासोबत दाबून काढावे लागतात.

टॅलीवर काम करत असाल तर खालचं बाकी न वाचता पूर्ण आकार किंवा ९६ टक्के घ्या. पेमेंट एफ-५वर, रिसीट एफ-६वर, सेल्स एफ-८वर आणि रकमा नंबरपॅडवर. ही बटणं दडवलेला कीबोर्ड दिवसभर हात अडवत राहील. एक्सेलवर आकडे भरणाऱ्यांनाही हेच लागू.

नेमबाजीचे गेम खेळणाऱ्यांची गरज उलटी. माउस कमी सेन्सिटिव्हिटीवर ठेवला की हात लांबवर फिरतो. पूर्ण कीबोर्ड साधारण ४४ सेंटिमीटर रुंद असतो, टीकेएल ३६च्या आसपास आणि ६० टक्केवाला ३०च्या आत. लहान टेबलावर हे अंतर चांगलंच जाणवतं.

मराठी इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत, टाइप करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघायची असते. इंग्रजीत क्वचित लागणारी उजव्या कडेची बटणं इन्स्क्रिप्टमध्ये अक्षरं आहेत. अर्धविरामाच्या बटणावर ‘च’, अवतरणचिन्हावर ‘ट’, सुरुवातीच्या चौकटी कंसावर ‘ड’, तिरप्या रेघेवर ‘य’, उलट्या तिरप्या रेघेवर ‘ॉ’. आकड्यांच्या रांगेत शिफ्टसह ‘ज्ञ’, ‘त्र’, ‘क्ष’, ‘श्र’. ही सगळी बटणं ६० टक्केवाल्यातही असतात, त्यामुळे तो चालतो. ४० टक्केवाला मात्र मराठीसाठी घेऊच नका. त्यात आकड्यांची रांगच नसते.

शिफ्टची लांबीही बघा. इन्स्क्रिप्टमध्ये ‘ख’, ‘घ’, ‘फ’, ‘भ’, ‘थ’, ‘ध’, ‘ळ’, ‘ण’, ‘श’ हे सगळे शिफ्टसह येतात. नुसतं ‘दुसऱ्या’ लिहिताना ‘ऱ’साठी शिफ्ट आणि जे, मग डी, मग तिरपी रेघ असा प्रवास होतो. काही लहान कीबोर्डांत बाणांना जागा करून देण्यासाठी उजवी शिफ्ट आखूड करतात. डाव्या हाताची अक्षरं उजव्या शिफ्टने काढायची सवय असेल तर करंगळी वरच्या बाणावर जाऊन आपटते. फोटोत ही शिफ्ट नीट न्याहाळा.

युरोपात किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी लोकांनी ‘आयएसओ’ मांडणी ओळखायला शिकावं. त्यात एंटर उंच आणि उलट्या एलसारखं असतं, डावी शिफ्ट जवळपास अर्धी होते आणि तिच्या शेजारी एक जादा बटण येतं. उलटी तिरपी रेघही नेहमीच्या जागी सापडत नाही. भारतात मिळणारे बहुतेक कीबोर्ड ‘अॅन्सी’ मांडणीचे, लांब आडव्या एंटरचे असतात. दोन्हीकडे टाइप करायचं असेल तर परदेशातही अॅन्सी मागवणं सोयीचं.

२. तो खरंच मेकॅनिकल आहे का?

‘मेकॅनिकल फील’, ‘सेमी-मेकॅनिकल’, ‘मेका-मेम्ब्रेन’ असे शब्द दिसले की थांबा. हे बहुतेक वेळा रबरी पडद्याचे साधे कीबोर्ड असतात, वरून फक्त बटणं मेकॅनिकलसारखी दिसतात. खऱ्या मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच असतो. वर्णनात स्विचची कंपनी आणि रंग दिलेला असतो, उदाहरणार्थ ‘आउटेमू ब्लू’ किंवा ‘गेटरॉन येलो’. स्विचचं नावच दिलेलं नसेल तर तो कीबोर्ड यादीतून काढून टाका.

३. स्विच: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

स्विचचे तीन मूळ प्रकार. लिनियर सरळ खाली जातो, मध्ये काही जाणवत नाही. टॅक्टाइलमध्ये दाबताना वाटेत एक उंचवटा लागतो, बोटाला कळतं की अक्षर उमटलं. क्लिकीमध्ये उंचवटा असतोच, शिवाय टक् असा मोठा आवाज येतो.

रंगांची प्रथा जर्मनीच्या चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचवरून आली. लाल म्हणजे लिनियर, तपकिरी म्हणजे टॅक्टाइल, निळा म्हणजे क्लिकी. चेरीच्या लाल स्विचला साधारण ४५ ग्रॅमचा दाब लागतो. २ मिमी खाली गेल्यावर अक्षर उमटतं आणि पूर्ण प्रवास ४ मिमीचा असतो. तपकिरीचा उंचवटा ५५ ग्रॅमच्या आसपास, निळ्याचा ६० ग्रॅमच्या. गेटरॉन, कैल, आउटेमू या कंपन्याही लाल-तपकिरी-निळ्याची हीच प्रथा बऱ्याच अंशी पाळतात. बाकीच्या रंगांचा मात्र भरवसा नाही. एका कंपनीचा पिवळा आणि दुसरीचा पिवळा यांचा काही संबंध असेलच असं नाही. म्हणून रंगाआधी प्रकार वाचा, मग ग्रॅम, मग मिमी.

कोणी काय घ्यावं, याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे.

मुख्यतः टायपिंग, घरात इतर माणसं: टॅक्टाइल. रात्री बारा वाजता बाजूला कुणी झोपलेलं असेल तर निळा स्विच आणूच नका. त्याचा आवाज बंद दारातूनही ऐकू येतो आणि ऑनलाइन मीटिंगमध्ये समोरच्याला तुमच्या बोलण्याआधी तोच ऐकू जातो.

मुख्यतः गेमिंग: ४५ ते ५० ग्रॅमचा लिनियर. गेटरॉन येलो साधारण ५० ग्रॅमचा आहे आणि किमतीच्या मानाने फार गुळगुळीत चालतो. एकच बटण पटापट दाबताना उंचवटा मध्ये येत नाही.

दोन्ही सारखंच: तरीही लिनियरच, पण ५० ग्रॅमच्या खाली जाऊ नका. इन्स्क्रिप्टमध्ये डावं मधलं बोट ‘डी’वर विसावलेलं असतं आणि तिथे हलन्त आहे. फार हलक्या स्विचवर बोट नुसतं टेकलं तरी हलन्त पडतो आणि पुढचं अक्षर भलत्याला जोडलं जातं. इंग्रजीत चुकून पडलेलं अक्षर लगेच दिसतं. मराठीत आधीचं आणि पुढचं अक्षर मिळून नवंच जोडाक्षर तयार होतं आणि ओळ वाचेपर्यंत लक्षात येत नाही.

आवाज अजिबात नको असेल तर ‘सायलेंट’ स्विच मिळतात, ज्यांच्या आत रबराचे बारीक तुकडे बसवलेले असतात. आउटेमूचा सायलेंट पीच लिनियर आहे, सायलेंट लेमन टॅक्टाइल. तळाशी टेकताना ते किंचित मऊ लागतात, ही त्यांची किंमत. अभ्यासिकेत किंवा खुल्या ऑफिसात बसणाऱ्यांनी ती मोजावी.

‘स्पीड’ किंवा सिल्व्हर स्विच पहिल्या खेपेला टाळा. चेरीचा स्पीड सिल्व्हर १.२ मिमीवरच अक्षर उमटवतो. गेममध्ये ठीक, टायपिंगमध्ये चुकांची रांग लागते.

शक्य असेल तर हाताने दाबून बघा. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडवर संगणकाची दुकानं ओळीने आहेत. एखाद्या दुकानात मांडलेला नमुना दाबून बघायला मिळू शकतो. तेवढं जमत नसेल तर आठ-दहा वेगवेगळे स्विच बसवलेली छोटी पट्टी, म्हणजे स्विच टेस्टर, मागवता येते. मात्र एक बटण दहादा दाबून फारसं कळत नाही. चार बोटं चार सारख्या स्विचवर ठेवून एखादं वाक्य टाइप केल्यासारखं दाबा.

४. हॉट-स्वॅप आहे का, आणि खरा आहे का?

हॉट-स्वॅप म्हणजे स्विच सोल्डर न करता सॉकेटमध्ये खोचलेले असतात. चिमट्याने ओढून काढायचे, नवा दाबून बसवायचा. पहिल्या कीबोर्डसाठी ही आमची एकमेव सक्तीची अट. लाल आवडला नाही तर सगळा कीबोर्ड विकावा लागत नाही, आणि दोन वर्षांनी एक स्विच बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

इथे तीन सापळे आहेत. पहिला: काही स्वस्त कीबोर्डांची सॉकेट अरुंद असतात आणि त्यात फक्त आउटेमूचे बारीक पायांचे स्विच बसतात. गेटरॉन जबरदस्तीने खोचला तर सॉकेट सैल होतं किंवा पाय वाकतो. वर्णनात आउटेमूशिवाय दुसऱ्या कंपनीचे स्विच चालतात असं लिहिलेलं आहे का ते बघा. दुसरा: ‘ऑप्टिकल’ (प्रकाशाने दाब ओळखणाऱ्या) आणि ‘मॅग्नेटिक’ (चुंबकाने ओळखणाऱ्या) कीबोर्डात नेहमीचे मेकॅनिकल स्विच चालतच नाहीत. तिसरा: ३ पिन आणि ५ पिन, म्हणजे स्विचच्या खालच्या पायांची संख्या. ५ पिनांच्या बोर्डावर दोन्ही प्रकार बसतात. ३ पिनांच्या बोर्डावर ५ पिनांचा स्विच बसवायचा तर त्याचे प्लास्टिकचे दोन बारीक पाय नेलकटरने कापावे लागतात. धातूचे पाय कापू नका.

५. गेमिंगसाठी नेमकं काय तपासायचं

एन-की रोलओव्हर: एकाच वेळी दाबलेली सगळी बटणं वेगळी ओळखली जातात का. बऱ्याच कीबोर्डांत हे फक्त केबलवर चालतं आणि ब्लूटूथवर सहा बटणांची मर्यादा येते. सहासुद्धा बहुतेक गेमना पुरतात.

पोलिंग रेट १००० हर्ट्झ असेल तर कीबोर्ड दर १ मिलिसेकंदाला संगणकाला खबर देतो. ब्लूटूथवर हा आकडा बराच खाली येतो. म्हणून गेम खेळताना केबल किंवा सोबतचा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) वापरा. ब्लूटूथ टॅबलेट आणि मोबाइलसाठी ठेवा. ८००० हर्ट्झच्या जाहिरातीसाठी पहिल्या खेपेला जास्तीचे पैसे देऊ नका.

मॅग्नेटिक किंवा हॉल-इफेक्ट कीबोर्डची सध्या खूप चर्चा आहे. साध्या स्विचमध्ये अक्षर उमटण्याची आणि सुटण्याची उंची ठरलेली असते. मॅग्नेटिकमध्ये ती तुम्ही ठरवता, आणि ‘रॅपिड ट्रिगर’ चालू केला की बोट किंचित वर उचलताच बटण सुटलं असं धरलं जातं. काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंटमध्ये पळता पळता झटकन थांबून नेम धरायला याचा खरोखर उपयोग होतो. रोज दोन-तीन तास असेच गेम खेळत असाल तर विचार करा. टायपिंगसाठी मात्र वेगळं प्रोफाइल बनवून दाबाची खोली १.५ ते २ मिमी ठेवा, ०.१ मिमीवर लिहिणं अशक्य आहे.

इथेच एक इशारा. ‘स्नॅप टॅप’सारख्या सोयी, म्हणजे उलट दिशेची दोन बटणं एकदम दाबली तर कोणतं धरायचं हे कीबोर्डनेच परस्पर ठरवणं, काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०२४ पासून काउंटर-स्ट्राइक २च्या अधिकृत सर्व्हरवर बंद केल्या. ती सोय चालू ठेवून खेळलात तर सामन्यातून बाहेर काढलं जाऊ शकतं. कीबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये ती आधी बंद करा.

६. कीकॅप आणि लांब बटणं

एबीएस प्लास्टिकच्या कीकॅप, म्हणजे बटणांवरच्या टोप्या, काही महिन्यांत घामाने आणि तेलाने चकाकू लागतात. पीबीटी हे दुसरं प्लास्टिक खरखरीत राहतं. अक्षरं ‘डबल-शॉट’ (दुसऱ्या रंगाच्या प्लास्टिकने घडवलेली) किंवा ‘डाय-सब’ (रंग प्लास्टिकमध्ये मुरवलेली) पद्धतीची असावीत. नुसती वरून छापलेली अक्षरं झिजतात.

पुढे वेगळ्या कीकॅप लावायच्या असतील तर खालची रांग मोजा. प्रमाण रांगेत डावे तीन बटण प्रत्येकी १.२५ युनिट आणि स्पेसबार ६.२५ युनिट असतो. साध्या अक्षराचं बटण म्हणजे १ युनिट, १९.०५ मिमी. ही मापं वेगळी असतील तर बाजारातला संच बसणार नाही.

देवनागरी अक्षरांच्या चांगल्या कीकॅप सहज मिळत नाहीत. इन्स्क्रिप्टचे स्टिकर स्वस्त असतात, पण अपारदर्शक स्टिकर अक्षरातून येणारा प्रकाश अडवतात आणि कडेने उचकटतात. त्यापेक्षा मांडणीचा कागद पडद्याशेजारी चिकटवा. एफ आणि जे या बटणांवरच्या उंचवट्याखाली ‘ि’ आणि ‘र’ आहेत. तिथून हात बसवला की पंधरा-वीस दिवसांत खाली बघावं लागत नाही.

स्पेसबार, एंटर, शिफ्ट, बॅकस्पेस यांखाली तारेचे स्टॅबिलायझर, म्हणजे लांब बटण सरळ खाली नेणारे आधार, असतात. स्वस्त कीबोर्ड सगळ्यात आधी इथेच खडखडतो. तारेच्या टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीसचा किंवा क्रायटॉक्स २०५जी० या वंगणाचा बारीकसा थर दिला की खडखड बरीच थांबते. थेंब जास्त झाला तर बटण चिकट होतं, म्हणून बारीक ब्रशच वापरा.

७. खर्च आणि खरेदी

साधारण २,००० ते ३,५०० रुपयांत केबलवाला हॉट-स्वॅप कीबोर्ड मिळतो. ४,००० ते ६,५००मध्ये केबल, डोंगल आणि ब्लूटूथ अशा तिन्ही जोडण्यांचा ७५ टक्केवाला. अॅल्युमिनियमची बॉडी हवी असेल तर त्याहून वर. सेलमध्ये हे आकडे हलतात. कॉस्मिक बाइट, रेडड्रॅगन, रॉयल क्लज, औला, कीक्रॉन ही नावं भारतात सहज दिसतात. पण नावापेक्षा वरच्या अटी त्या नेमक्या मॉडेलला लावून बघा, कारण एकाच कंपनीत हॉट-स्वॅप असलेले आणि नसलेले दोन्ही असतात.

सोबत ठेवायच्या गोष्टी:

– जीएसटीचं बिल. वॉरंटीसाठी तेच मागतात
– खोक्यावरच्या सिरीयल नंबरचा फोटो
– खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ
– तारेचा कीकॅप पुलर (प्लास्टिकचा गोल पुलर कडा ओरबाडतो)
– स्विच पुलर, चिमटा आणि मऊ ब्रश
– हातातल्या स्विचचेच चार-पाच जादा नग

ऑनलाइन घेताना ‘परत’ आणि ‘बदलून’ यांतला फरक वाचा. बऱ्याच ठिकाणी फक्त सात दिवसांत बदलून मिळतं, पैसे परत मिळत नाहीत. ‘स्विच आवडला नाही’ हे कारण चालत नाही.

८. आल्या दिवशी तपासणी

केबल लावा, ब्राउझरमध्ये कीबोर्ड टेस्टर उघडा आणि एकेक बटण दाबा. मग नोटपॅडमध्ये प्रत्येक बटण वीसदा दाबा. एकदा दाबून दोन अक्षरं उमटत असतील तर त्याला चॅटरिंग म्हणतात आणि तो दोष आहे. लगेच बदलून मागा. एखादं बटण अजिबात चालत नसेल तर आधी स्विच उपसून बघा, पाय वाकून सॉकेटबाहेर राहिलेला असतो. चिमट्याने सरळ करून, केबल काढून ठेवून, अंगठ्याने उभा दाबून बसवा. तिरपा दाबलात तर पाय पुन्हा वाकेल. बोर्ड उघडलेला असेल तर मागून सॉकेटला बोटाचा आधार द्या, नाहीतर जोरात सॉकेटच निखळतं.

बिनतारी कीबोर्ड चार्ज होत नसेल तर दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेली केबल काढून, एका टोकाला जुनं यूएसबी असलेली केबल लावून बघा.

९. विंडोजमध्ये मराठी आणि गेम एकत्र नांदवणं

विंडोजमध्ये डावं आल्ट आणि शिफ्ट एकदम दाबलं की भाषा बदलते. गेममध्ये शिफ्टने पळताना आल्ट दाबलं जातं, भाषा मराठी होते आणि डब्ल्यू-ए-एस-डी म्हणजे ‘ै’, ‘ो’, ‘े’, हलन्त. पात्र जागेवर उभं राहतं आणि माणूस कीबोर्डला दोष देतो. टायपिंगच्या प्रगत सेटिंगमध्ये इनपुट भाषेच्या हॉट-की असतात, तिथे हा शॉर्टकट काढून टाका. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस वापरा.

पण बऱ्याच गेमिंग कीबोर्डांत एफएन आणि विंडोज दाबलं की विंडोजचं बटण कुलूपबंद होतं. मग भाषा बदलत नाही आणि बटण बिघडल्यासारखं वाटतं. तेच दोन पुन्हा दाबा. काही मॉडेलांत एफएन आणि डब्ल्यूने बाण आणि डब्ल्यू-ए-एस-डी यांची अदलाबदल होते, आणि मॅक-विंडोजचा खटका सरकला तर आल्ट आणि विंडोज एकमेकांच्या जागी जातात. तक्रार नोंदवण्याआधी सोबतचा कागद बघा. कारखाना-रीसेटचा शॉर्टकट त्यावर असतो.

रुपयाचं चिन्ह हवं असेल तर विंडोजमध्ये ‘इंग्रजी (भारत)’ मांडणी निवडा. उजवं आल्ट आणि ४ दाबलं की ₹ येतं. इन्स्क्रिप्ट जमत नसेल तर विंडोज १०च्या २०१९च्या अपडेटपासून ‘मराठी फोनेटिक’ही आहे.

शासकीय संगणक टंकलेखनाच्या ३० किंवा ४० शब्दांच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी शेवटचे दोन आठवडे रोज थोडा वेळ साध्या रबरी कीबोर्डवरही सराव करावा. परीक्षेला केंद्रावरचाच कीबोर्ड मिळतो. मेकॅनिकलवर अर्ध्यात दाबून सोडायची सवय लागते, आणि साध्या कीबोर्डवर बटण तळापर्यंत नेल्याशिवाय अक्षर उमटत नाही.

१०. देखभाल

महिन्यातून एकदा उलटा करून झटका आणि ब्रशने धूळ काढा. सहा महिन्यांनी कीकॅप काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. काढण्याआधी फोटो घ्या. मागचे पाय उघडून कीबोर्ड तिरपा करू नका, मनगट मागे वाकतं. मेकॅनिकल कीबोर्ड लॅपटॉपपेक्षा बराच उंच असतो, त्यामुळे मनगटाखाली साधारण २ सेंटिमीटर उंचीचा टेकू ठेवा.

चहा सांडलाच तर आधी केबल काढा, बॅटरीचा खटका बंद करा आणि कीबोर्ड पालथा घाला. कीकॅप आणि भिजलेले स्विच उपसा. साखरेचा चहा असेल तर ते स्विच वाचवत बसू नका, जादाचे बसवा. बोर्डावर पडलेला डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या ब्रशने पुसा. पंख्याखाली दोन दिवस वाळू द्या. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, तीन दिवस. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका, कीकॅप आणि स्विचचं प्लास्टिक वाकतं.